काय आत, काय बाहेर

मु. मोहवाडी, सिद्धगडाखाली,
ता. मुरबाड
२७ ऑक्टोबर २०२५

श्रीमती धोंडीबाई विहीणबाई,

नवशाचा आणि चंद्रकलेचा नमस्कार घ्या. शीतलला आशीर्वाद.

तानशाकडे तुमची कापणी उरकली का? आमची उरकली. मधेच पाऊस झाला, उताराकडची खाचरं आडवी झाली, तरी झोडून पाहिलं तर दाणा बरा निघाला. चंद्रकलेचा गुडघा दुखतो, पण ऐकत नाही, खळ्यावर उभी असतेच. बाकी सगळे खुशाल आहोत.

दिवाळीला रुपाली आली नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, हे शीतलच्या फोनवरून कळलं. वाटायचंच. लेकीची वाट पाहून फराळाचा डबा झाकून ठेवावा लागला की कसं होतं, ते आम्हालाही कळतं. तिला ऐन वेळी काम निघालं. दुसरं काही कारण नाही.

लग्नात तुम्ही मला विचारलं होतं की माझी पोर दिवसभर त्या यंत्रापुढं बसून नेमकं करते काय. तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. 'संगणकाचं काम' एवढं म्हणून मी सुटलो होतो. आता सांगतो. आता मला थोडं समजलंय आणि सांगायची हौसही आहे.

संगणक चालू केला की सगळ्यात आधी आत एक व्यवस्था उभी राहते. पडद्यावर काय दिसायचं, लिहिलेलं कुठं ठेवायचं, सगळं ती बघते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पोरापोरींनी मिळून अशी एक व्यवस्था जुळवली आहे. नाव 'शिवार'. सगळी मराठीत. शाळा-वसतिगृहांतले जुने संगणक, जे लोक भंगारात घालायला निघतात, त्यांच्यावर ती चालते. फुकट वाटतात. एका पेनड्राइव्हवर मावते, ती खिशात घालून ही मंडळी गावोगाव फिरतात. आमच्या भाविकची आणि रुपालीची ओळख याच कामातली, ते तुम्हाला माहीत आहेच.

आता या शिवारात रुपालीनं काय केलं ते ऐका. यंत्रांचेही वाण असतात, भातासारखे. टेबलावरचा संगणक एका वाणाचा, मोबाइल दुसऱ्या वाणाचा, आणि पंप नाहीतर दिवे चालवणारा काडेपेटीएवढा हिरवा बोर्ड असतो तो तिसऱ्याच. एका वाणासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाही. आणि त्या काडेपेटीएवढ्या यंत्राला ना पडदा ना बटणं, त्याच्यावर बसून प्रोग्राम करणार कसा? म्हणून तो मोठ्या संगणकावर तयार करायचा आणि नेऊन छोट्यात घालायचा. आपण राब एका जागी भाजतो, रोप तिथं वाढवतो आणि लावणी दुसऱ्या खाचरात करतो, तसंच. हे ज्यांनी करता येतं ती हत्यारं रुपालीनं शिवारात बसवली. त्यांना क्रॉस कंपायलर म्हणतात. मी तोंडपाठ केलंय.

तिचं म्हणणं, ही हत्यारं शिवारच्या प्रत्येक पेनड्राइव्हवर पहिल्यापासून असावीत, कोणी मागो न मागो. आता पेनड्राइव्हवर शेवटचा हात भाविकचा असतो. काय आत जायचं आणि काय बाहेर राहायचं, ते तो बघतो. त्याचं म्हणणं वेगळं आहे. नवरा-बायकोचं मत एकच असावं असं कुठं लिहिलंय.

भाविक सध्या कल्याणला खोली घेऊन राहतो. कंपनी तिकडेच, मोहवाडीतून रोजचं जमत नाही. रुपाली आमच्याजवळ आहे. मजेत आहे. जेवते वेळेवर. धसईच्या मुलींच्या वसतिगृहात संगणक बघायला जाते. तुम्ही काही मनात आणू नका.

विहीणबाई, अशी सून आमच्या पंचक्रोशीत कोणाकडे नाही. तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नव्हतो, म्हणून लिहून टाकलं.

आपला व्याही,
नवशा


तानशाजवळ, ता. शहापूर
१९ नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवांना धोंडीबाईचा नमस्कार.

शीतलला समोर बसवलंय. मी बोलते तसंच लिही म्हटलंय, सुधारायचं नाय.

तुमचं पत्र आलं. शीतलनं दोनदा वाचून दाखवलं. राब नि वाण सगळं समजलं, तुमी समजावता चांगलं. पन व्याहीबुवा, मला जे इचारायचं होतं तेवढंच त्यात नव्हतं.

माझा भाचा किशोर शहापुरात असतो. त्या शिवारच्या पोरांत त्याचं बसनं-उठनं आहे. तो सांगत होता, जावई गनपतीपासून मोहवाडीला आलेच नाय. कल्यान काय परदेशात आहे? सुट्टीच्या दिवशी एसटी बंद असते का? आनि तो असं पन म्हनाला का रुपाली नि जावई मोबाइलवर, सगळ्या पोरांना दिसेल असं एकमेकांना लिहून भांडतात. 'तुझी हत्यारं वापरनारी तू एकटी', असं जावयांनी लिहिलं नि ते सगळ्यांनी वाचलं. माझ्या पोरीला चारचौघांत असं बोलायचं होतं तर चार मान्सं जमवून तिला नेली कशाला?

मला यंत्रातलं कळत नाय. पन तुमी लिहिलंत 'जेवते वेळेवर', तवाच मी समजले का काहीतरी बिनसलंय. सुखात असलेल्या पोरीचं कोन लिहितं का ती जेवते?

तिचा बाप गेला तवा ती दहावीला होती. मी दुसऱ्याच्या खाचरात उभी राहिले पन तिला शाळेतून काढली नाय. ती अशी एका कोपऱ्यात गप बसायला नाय शिकवली.

तीस तारखेला शहापूरला त्यांची सभा आहे म्हने. ती येनारच. सभा सुटली का किशोर रिक्षा घेऊन तिथं उभा राहील नि तिला इकडं घेऊन येईल. तुमी मान्सं चांगली आहात, तुमच्यावर माझा राग नाय. म्हनून आधी कळवते. आडवे येऊ नका.

चंद्रकला इहीनबाईंना गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांधायला सांगा.

धोंडीबाई

ता. क. बाबा, मी शीतल. आईनं ताईसाठी ठेवलेला फराळ अजून कोणाला हात लावू दिलेला नाही. एवढंच सांगायचं होतं.


मोहवाडी
४ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

किशोर रिकामी रिक्षा घेऊन दारात आला तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला इथं बसून दिसतं. मी आडवा आलो नाही. हे आधी लिहितो, नमस्कार मागून.

तुमचं पत्र मी चंद्रकलेला वाचून दाखवलं होतं. 'सुखात असलेल्या पोरीचं कोण लिहितं की ती जेवते', या ओळीशी ती हसली आणि म्हणाली, "बाईनं बरोबर धरलं तुम्हाला." तर आता धरलंच आहे तर सगळं सांगतो.

रुपाली दिवाळीला तुमच्याकडे यायला निघाली होती. चार दिवसांसाठी नाही. बॅग मोठी होती.

गणपतीत भाविक आला होता तेव्हा ओटीवर दोघांचं वाजलं. त्याचं म्हणणं, आपली यंत्रं जुनी, त्यांच्या पोटात जागा थोडी, एका माणसाच्या हौसेपायी सगळ्यांच्या घरात अडगळ कशाला भरायची. ती म्हणाली, अडगळ कोणाला म्हणतोस. मग त्यानं ते म्हटलं, आणि पुढं मोबाइलवर लिहिलंही, जे किशोरनं तुम्हाला सांगितलं. त्यावर रुपालीनं उत्तर दिलं नाही. भाविक कल्याणला गेला तो सणासुदीलाही फिरकला नाही. रुपाली आमच्यात होती. कापणीला आली, चंद्रकलेच्या पायाला तेल लावायची, सगळं करायची. फक्त बोलणं गेलं होतं. संगणकावर फडकं घालून ठेवलेलं.

दिवाळीआधी एक दिवस सकाळी ती बॅग घेऊन ओटीवर आली. म्हणाली, "बाबा, मी आईकडे जाते. शिवारचं काम मी सोडलंय." परत कधी येशील, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खरं सांगावं लागलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी बॅग उचलली आणि तिला सोडायला धसईला गेलो.

बाजार भरलेला होता. तांदळाची पोती, भाजीच्या पाट्या, त्यातून वाट काढत स्टँडवर पोचलो तर मुरबाडच्या गाडीला अजून वेळ होता. ती म्हणाली, वसतिगृहाची एक किल्ली माझ्याकडे आहे, मॅडमना देऊन येते. मीही बॅग घेऊन मागोमाग गेलो.

आम्ही फाटकातून आत शिरलो आणि भोंगा वाजला. जेवणाचा.

तुम्हाला एक सांगायला हवं. त्या वसतिगृहात लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला आहे, शिपाई त्याच्यावर ठोके देऊन वेळ सांगायचा. तो उन्हाळ्यात निवृत्त झाला आणि नवा माणूस आलाच नाही. मग ज्याच्या मनात येईल तो ठोके द्यायचा, नाहीतर कोणीच नाही. त्यामुळे भोंगा ऐकून रुपाली थबकली. मॅडमना विचारलं, नवा शिपाई आला का. मॅडम म्हणाल्या, शिपाई नाही, आपल्या रत्ना आणि कुणाली.

रत्ना कातकरवाडीतली. तिचे आईबाप दिवाळी झाली की कामावर बाहेरगावी जातात, ती वसतिगृहात राहते. कुणाली तिची मैत्रीण. दोघी नववीत. त्यांनी आम्हाला खिडकीशी नेलं. तिथं तो काडेपेटीएवढा हिरवा बोर्ड, त्याला वायरी, आणि जुन्या मोटरसायकलीचा भोंगा सुतळीनं बांधलेला. बोर्ड कोणी तरी देणगीत दिलेल्या खोक्यात पडून होते, कशाचे आहेत हेही कोणाला माहीत नव्हतं.

रुपालीनं विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

रत्ना म्हणाली, "कोणी नाय ताई. ते आतच होतं."

"कुठं आत?"

"शिवारमधी. 'दुसऱ्या यंत्रासाठी' असं लिहिलेलं. म्हटलं दुसरं यंत्र म्हंजे कोणतं, म्हणून उघडलं."

झालं होतं असं की पावसाळ्यात रुपालीनं तिथल्या संगणकावर आपली नवी पेनड्राइव्ह बसवून पाहिली होती, हत्यारांसकट. चालते की नाही एवढंच बघायला. त्यात तिनंच मराठीत लिहून ठेवलेलं होतं, एक बारका दिवा लुकलुकता कसा करायचा. या दोघींनी दिवा केला. मग दिव्याच्या जागी भोंगा जोडला. मग त्याला वेळा लावल्या, उठायची, जेवायची, अभ्यासाची. वसतिगृहात इंटरनेट नाही, गच्चीवर गेलं तर कधी रेंज लागते. बाहेरून काही उतरवून घ्यायचं म्हटलं असतं तर ते झालंच नसतं. आणि उतरवून घ्यायचं म्हणजे काय, हे त्यांना सुचलं तरी कसं असतं?

रुपाली जमिनीवर बसली. मला पुन्हा करून दाखवा म्हणाली. पोरी दाखवायला लागल्या, ही विचारायला लागली, मधेच हसली. मी कितीतरी दिवसांनी तिला हसताना ऐकलं. तेवढ्यात स्टँडवरून गाडीचा हॉर्न आला. मी बॅग भिंतीला टेकवून ठेवली. गाडी निघाली, तिचा आवाज मुरबाडच्या रस्त्यानं गेला. तिलाही ऐकू आला असणार. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, बॅग घरी न्याल का? मला इथं वेळ लागेल."

विहीणबाई, ती बॅग घेऊन मी परत चालत आलो तेव्हा ती मला जड लागली नाही.

म्हणून मी तुम्हाला लिहिलं, ऐन वेळी काम निघालं. त्यात खोटं काही नव्हतं. पण सगळं लिहिलं असतं तर तुम्ही तिला घेऊन जाल अशी भीती वाटली, म्हणून बाकीचं ठेवून घेतलं.

त्या दिवसापासून फडकं निघालं. पण तिनं भाविकला लगेच 'बघ, वापरणाऱ्या आहेत' असं कळवलं नाही. मी म्हटलं, कळव की. तर म्हणाली, त्याचं जागेचं म्हणणं खरं आहे, आधी त्याचं उत्तर शोधते. मग ती आपलीच हत्यारं कापायला बसली. जगातल्या नाना वाणांच्या यंत्रांसाठी तिनं सोय करून ठेवली होती, दोन वर्षांची मेहनत. त्यातलं आपल्याकडे लोकांच्या हातात जे खरोखर असतं, मोबाइल आणि हे छोटे बोर्ड, तेवढं ठेवलं. बाकीचं काढून टाकलं. स्वतःच्या हातानं लावलेली झाडं तोडावी तसं. मी बघत होतो. तोंडावर दुःख नव्हतं तिच्या.

सभेला त्या दोघी पोरींना न्यावं असं मी सुचवलं होतं. रुपाली म्हणाली, "त्या काही पुरावा नाहीत, बाबा. त्यांना चाचणीचा अभ्यास आहे." माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

सभा शहापूरच्या वाचनालयात झाली. मी आणि चंद्रकला शेवटच्या बाकावर. भाविक पुढं उभा होता, आमच्याकडे एकदा बघून त्यानं मान हलवली. वाळला होता.

आधी तो बोलला. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण वाकडं काही बोलला नाही. एका शाळेत शिवार बसवताना त्याच्याच हातून काय झालं, ते त्यानं सांगितलं. संगणक जुना, आत जागा थोडी. पेनड्राइव्हवरचं सगळं मावलं नाही, अर्ध्यात अडलं, आणि मुलांनी त्यात लिहिलेले निबंध, काढलेली चित्रं, सगळं गेलं. तो म्हणाला, मी त्या मुलांच्या तोंडाकडे बघितलंय. तेव्हापासून ठरवलं की जे रोज लागतं तेवढंच आत. ज्याला जास्त हवं त्यानं मागावं, त्याला दुसरी पेनड्राइव्ह देऊ.

लोकांना पटत होतं. मलाही पटलं, खरं सांगतो.

मग रुपाली उभी राहिली. ती म्हणाली, दुसरी पेनड्राइव्ह कपाटात राहते आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. सगळे हसले. मग तिनं भोंग्याची गोष्ट सांगितली. पोरींची नावं घेतली नाहीत, कौतुक जास्त केलं नाही. शेवटी म्हणाली, "भाविक म्हणतो ज्याला हवं त्यानं मागावं. पण जे असतं हेच ठाऊक नाही, ते कोणी मागेल कसं? शहरातल्या पोराला कोणी तरी सांगणारा असतो. आपल्या पोरींना सांगणारं कोणी नाही, ते यंत्रच आहे. त्यात जे दिसेल तेवढंच जग. त्यात फक्त वापरायच्या वस्तू ठेवल्या तर त्या वापरणाऱ्या होतील. बनवायची हत्यारं ठेवली तर एखादी उघडून बघेल."

भाविकनं विचारलं, आणि ज्या यंत्रात जागाच नाही तिथं? कडक विचारलं, नवरा म्हणून सोडलं नाही. मला ते आवडलं. तिनं सांगितलं की पेनड्राइव्ह आधी जागा मोजेल, मुलांचं लिहिलेलं जपेल, आणि पुरत नसेल तर हत्यारं बाहेर ठेवून तसं पडद्यावर सांगेल. आणि हत्यारं आता पूर्वीएवढी राहिलेली नाहीत. त्यानं विचारलं, काय काढलंस. तिनं सांगायला सुरुवात केली आणि भाविक हातातला खडू तसाच धरून ऐकत राहिला. त्यालाच माहीत होतं की त्यातलं एकेक बसवायला तिला किती लागलं होतं.

हात वर झाले. रुपालीच्या बाजूनं जास्त. भाविकचा हात खालीच राहिला.

चंद्रकलेनं माझा दंड धरला होता. आता हा काय करतो, असं आम्हा दोघांनाही झालं. त्यानं फळ्यावर निर्णय लिहिला, स्वच्छ अक्षरात. मग म्हणाला, "मी विरोधात होतो, अजून आहे. पण सभेनं ठरवलंय आणि पेनड्राइव्ह माझ्या हातून जाते. ती नीट जाईल. कुठं अडली तर दोष माझा, रुपालीचा नाही." त्यानं खडू खाली ठेवला. "आणि वापरणारी ती एकटी, असं मी सगळ्यांच्या देखत लिहिलं होतं. ते सगळ्यांच्या देखत मागे घेतो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. मला डोळे पुसायला वेळ मिळाला. विहीणबाई, सून जिंकली म्हणून माझी छाती फुगली हे खरं, पण हरलेला मुलगा असा उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आपण दोन्ही बाजूंनी श्रीमंत आहोत.

बाहेर किशोर रिक्षा घेऊन उभा होता. मी त्याला ओळख दिली, रुपालीला हाक मारली आणि बाजूला झालो. तुमचा निरोप त्यानं जसाच्या तसा सांगितला. ती ऐकत होती. भाविकही दोन पावलांवर उभा होता. ती किशोरला म्हणाली, "आईला सांग, मी येईन. पण मला न्यायला कोणी येऊ नका."

एवढंच. रागानं म्हणाली नाही. किशोरच्या रिक्षेत तिनं तुमच्यासाठी एक पिशवी ठेवली, नवे तांदूळ होते त्यात. ते पोचले असतील.

मुरबाडच्या गाडीत भाविक आमच्याबरोबर चढला. कल्याणची गाडी त्यानं सोडली. रुपाली आणि चंद्रकला एका बाकावर, आम्ही बापलेक मागं. किन्हवली आली. मग भाविक पुढं वाकून तिला म्हणाला, "तो भोंगा मला ऐकायचाय."

दुसऱ्या दिवशी दोघं धसईला गेली. संध्याकाळी परत आली ती भांडतच. वीज गेली की भोंग्याची वेळ मागं पडते, हे भाविकनं काढलं. रुपालीचं म्हणणं, ते पोरींना सांग, मला काय सांगतोस, भोंगा त्यांचा आहे. त्यानं म्हणे सांगितलंही, आणि रत्नानं त्याला उलट विचारलं की दादा, मग तुम्ही तुमच्या यंत्रात वीज गेल्यावर काय करता. त्याला उत्तर द्यायला घाम फुटला. हे सांगताना तो स्वतःच हसत होता.

त्यानं रजा टाकली आहे. पुढं आठवड्यातले काही दिवस इथून काम करू द्यावं म्हणून साहेबाला विचारणार आहे. देतील न देतील. भांडण संपलेलं नाही, हे मी तुमच्यापासून आता लपवणार नाही. तो म्हणतो सभा चुकली, ती म्हणते तू चुकलास. पण दोघं एका घरात बसून भांडतात, आणि जेवणं त्यांची गार होतात. बघा, आता मी 'वेळेवर जेवते' असं लिहीत नाही.

काल एक गंमत झाली ती सांगून थांबतो. यंत्रात जागा पुरली नाही तर पडद्यावर जे वाक्य यायचं, त्याच्यावरून सकाळपासून जुंपली होती. भाविकनं लिहिलं होतं, 'अपुऱ्या साठवण क्षमतेमुळे सदर साधने वगळण्यात आली आहेत.' रुपाली म्हणाली, हे वाचून पोरींना वाटेल की आपलीच काही चूक झाली. तिनं लिहिलेलं त्याला लांबलचक वाटलं. शेवटी दोघं खळ्यावर माझ्याकडे आली. बाबा, तुम्ही गावातल्या सगळ्यांची पत्रं लिहायचात, तुम्ही सांगा.

मी सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ विचार केला. मग सांगितलं, असं लिहा: 'या यंत्रात जागा कमी आहे, म्हणून काही हत्यारं बाहेर ठेवली आहेत. ती तुमचीच आहेत. हवी तेव्हा आत घ्या.'

रुपालीनं भाविककडे बघितलं, भाविकनं तिच्याकडे. गणपतीनंतर पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर जुळलं. आता ते वाक्य प्रत्येक पेनड्राइव्हवर जाईल, जिथं शिवार जाईल तिथं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावानं लिहिलं, हे माझं आहे. सांगायला तुमच्याशिवाय कोण आहे मला.

संक्रांतीला रुपाली येईल. एकटी येईल, बॅग तीच उचलेल. किती दिवस राहायचं ते तिला ठरवू द्या. मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. शीतलला म्हणावं, करंज्या नव्या करा, दिवाळीच्या आता गुरांना घाला.

चंद्रकलेच्या गुडघ्याला निरगुडीनं उतार आहे. ती तुमचं नाव घेते.

पोर तुमची आहे, ते कोणी नाकारत नाही. तिचा अभिमान मात्र आता एकट्या तुमच्याकडे ठेवू नका, निम्मा आम्हाला द्या.

रुपालीच्या घरून,
नवशा